माझं ग्रोथ हॉर्मोन आणि भाच्याची बॉडी

"मग, वजन किती उतरलं?"

मी रोज रात्री ग्रोथ हॉर्मोनचं इंजेक्शन घेते हे कुणाला कळलं की पुढचा प्रश्न हमखास हाच येतो. उतरलं नाही, असं सांगितलं की समोरच्याचा चेहरा पडतो. काहींना तर मी काहीतरी लपवतेय असंच वाटतं. परवा भाच्याने हाच प्रश्न विचारला, पण त्याचा हेतू वेगळा होता. म्हणून म्हटलं, एकदा सगळं लिहूनच काढावं.

आधी माझं प्रकरण थोडक्यात. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी असते. माझ्या त्या ग्रंथीवर गाठ आली होती. कॅन्सरची नव्हती, पण वाढत होती आणि डोळ्यांच्या नसांवर दाब आणत होती. नाकातून दुर्बीण घालून ती काढली. नजर वाचली, ग्रंथीचं बरंचसं काम मात्र बंद पडलं. कॉर्टिसोल आणि थायरॉइडच्या गोळ्या लगेच सुरू झाल्या, कारण त्यांच्यावाचून निभत नाही. ग्रोथ हॉर्मोनकडे सगळ्यात शेवटी लक्ष गेलं. गंमत अशी की पिट्युटरीला इजा झाली की बहुतेक वेळा सर्वांत आधी बंद पडतं ते हेच.

शेवटी लक्ष जाण्याचं कारण नावातच आहे. पूर्ण वाढ झालेल्या बाईला वाढीच्या हॉर्मोनचं काय काम, असं डॉक्टर नसलेल्या प्रत्येकाला वाटतं. पण उंची थांबली तरी हे हॉर्मोन जन्मभर स्रवत राहतं. मोठेपणी त्याचं मुख्य काम म्हणजे शरीरातल्या इंधनाचा हिशेब बघणं: चरबी किती साठवायची, किती वापरायची, स्नायूतली प्रथिनं कशी राखायची. ते नसलं की काय होतं, ते मी आरशात बघत होते. खाणं पूर्वीचंच, चालणंही पूर्वीचंच, हातापायांच्या काड्या होत चाललेल्या आणि मधला घेर मात्र वाढत चाललेला. वजन वाढलं होतं थोडंच. बदलला होता तो आकार. शिवाय दुपारनंतर अंगात त्राण राहत नसे, ते वेगळंच.

निदानासाठी नुसतं रक्त काढून भागत नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. ग्रोथ हॉर्मोन सतत वाहत नाही, ते उसळ्या मारत येतं. सगळ्यात मोठी उसळी गाढ झोप लागल्यावर थोड्याच वेळात येते. रक्तात आलेलं हॉर्मोन वीसेक मिनिटांत निम्म्यावर येतं. त्यामुळे सकाळी लॅबमध्ये जाऊन तपासलं तर धडधाकट माणसाचं हॉर्मोनसुद्धा शून्याच्या जवळपास सापडू शकतं. जाहिरातीतली 'तुमचं एचजीएच (म्हणजे ग्रोथ हॉर्मोनच) तपासून घ्या' पॅकेजं म्हणूनच निरर्थक असतात.

माझी इन्शुलिन टॉलरन्स टेस्ट झाली. उपाशीपोटी जायचं, हाताला सुई लावून ठेवतात, शिरेतून इन्शुलिन देतात आणि रक्तातली साखर मुद्दाम ४० च्या खाली पाडतात. साखर एवढी घसरली की शरीर घाबरून ग्रोथ हॉर्मोन सोडतं, निदान सोडायला हवं. फिट्स येणाऱ्यांना किंवा हृदयविकार असलेल्यांना ही तपासणी करत नाहीत, आणि का करत नाहीत ते मला त्या खुर्चीत बसल्यावर कळलं. आधी तळहात ओले झाले. मग पाठीवरून घामाची धार लागली आणि ओठ बधिर झाले. समोरच्या भिंतीवरचं घड्याळ दिसत होतं, पण किती वाजले ते डोक्यात शिरत नव्हतं. नर्सताई एका हाताने नळीतून रक्त काढत होत्या, दुसऱ्या हातात ग्लुकोजची सिरिंज तयार होती, आणि सारखं विचारत होत्या, "नाव सांगा बरं तुमचं. आज वार कोणता?" वार मी चुकीचा सांगितला. त्यांनी घाईघाईने आकडा बघितला, मान हलवली आणि म्हणाल्या, "झालं, हवं तेवढं पडलंय." नंतर ठरावीक अंतराने रक्त काढत राहिल्या. प्रत्येक नळीतलं ग्रोथ हॉर्मोन जवळजवळ नव्हतंच. एवढा भूकंप होऊनही ग्रंथी ढिम्म.

मग एमआरआय करून गाठ परत आलेली नाही याची खात्री केली, कारण अशी गाठ वाढत असेल किंवा शरीरात कुठे चालू कॅन्सर असेल तर हे औषध देत नाहीत. कॉर्टिसोलचा डोसही पुन्हा तपासला, कारण ग्रोथ हॉर्मोन सुरू केल्यावर कॉर्टिसोल कमी पडू शकतं. त्यानंतर इंजेक्शनचं पेन हातात आलं. पेनची टोपी फिरवायची, कटकट आवाज करत आकडा पुढे सरकतो, पोटाच्या कातडीची चिमूट धरायची आणि टोचायचं. सुई काढण्याआधी दहापर्यंत मोजायचं, नाहीतर टोकाशी एक थेंब राहतो आणि तो वाया जातो. मोठ्यांचा डोस तसा चिमुकला असतो. सुरुवात साधारण ०.२ ते ०.४ मिलिग्रॅमने करतात आणि रक्तातलं आयजीएफ-१ बघून हळूहळू वाढवतात. आयजीएफ-१ हे यकृत ग्रोथ हॉर्मोनच्या सांगण्यावरून बनवतं आणि ते दिवसभर बऱ्यापैकी स्थिर असतं, म्हणून मोजायला सोपं.

आता मुद्द्याचं. हे हॉर्मोन चरबीचं नेमकं करतं काय?

चरबीच्या पेशीत चरबी ट्रायग्लिसराइडच्या रूपात बांधून ठेवलेली असते. ग्रोथ हॉर्मोन पेशीला सांगतं की हे गाठोडं सोड. त्यातून फॅटी ॲसिड्स रक्तात येतात. हॉर्मोनची उसळी आल्यावर दोन-तीन तासांनी रक्तातली फॅटी ॲसिड्स शिगेला पोचतात. त्याच वेळी नवी चरबी आत घेणाऱ्या एन्झाइमला ते आवर घालतं. म्हणजे साठा बाहेर काढायचा आणि नवी आवक रोखायची, अशी दोन्ही टोकं ते धरतं. पोटाच्या आतल्या, अवयवांभोवतीच्या चरबीवर त्याचा विशेष जोर चालतो.

रात्रीच का, हेही यातून उलगडतं. झोपेत आपण उपाशी असतो. अशा वेळी स्नायू फोडून साखर करण्यापेक्षा चरबी जाळलेली बरी. उपवासात तर हे हॉर्मोन कितीतरी पटींनी वाढतं, त्याचं कारणही हेच. पण या व्यवस्थेची दुसरी बाजू आहे. स्नायूंना चरबीचं इंधन भरपूर मिळू लागलं की ते साखर घ्यायला कुरकुरतात आणि इन्शुलिनचं ऐकेनासे होतात. थोडक्यात, चरबी वितळवणारं हे हॉर्मोन साखर वाढवणारंही आहे. दोन्ही गोष्टी एकाच यंत्रणेतून येतात, त्यामुळे त्यातली एक हवी आणि दुसरी नको, असं म्हणून चालत नाही.

आणि वजन? माझा दिवस लोकांचे ताळेबंद तपासण्यात जातो, त्यामुळे मला हे फार लवकर पटलं. १९८९ साली ग्रोथ हॉर्मोन नसलेल्या २४ प्रौढांवर एक अभ्यास झाला. त्यात सहा महिने औषध घेतलेल्यांची चरबी सरासरी ५.७ किलोने घटली आणि चरबी सोडून उरलेलं वजन ५.५ किलोने वाढलं. रक्कम एका खात्यातून दुसऱ्या खात्यात वर्ग झाली, शेवटची बेरीज तीच. वजनकाटा बेरीज दाखवतो, खाती दाखवत नाही.

माझंही तसंच झालं. काटा जिथल्या तिथे. पण ब्लाउजच्या शिवणी कमरेशी सैल झाल्या आणि दंडाशी घट्ट. डेक्सा स्कॅन म्हणजे शरीरातली चरबी, हाडं आणि बाकीचं वेगवेगळं मोजणारी तपासणी. तिचे आधीचे आणि नंतरचे कागद डॉक्टरांनी टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. त्यात पिवळा म्हणजे चरबी, लाल म्हणजे चरबी आणि हाडं सोडून बाकीचं. पहिल्यावर पोटाचा भाग पिवळाजर्द होता, दुसऱ्यावर त्या पिवळ्यात लाल रंग शिरला होता. मी खूश होऊन म्हटलं, "म्हणजे एवढा स्नायू वाढला?" डॉक्टर हसल्या. "सगळा स्नायू नाही हो. पाणीही आहे त्यात."

पाण्याचं हे प्रकरण नीट समजून घ्यायला हवं, कारण जिमवाल्यांचा सगळा गोंधळ इथेच होतो. ग्रोथ हॉर्मोन मूत्रपिंडांना मीठ आणि पाणी धरून ठेवायला लावतं. डेक्सा किंवा तत्सम मोजणीत चरबी आणि हाड नसलेलं सगळं 'लीन मास' मध्ये जमा होतं, पाणीसुद्धा. माझा डोस एकदा वाढवला तेव्हा सकाळी अंगठी निघेना. साबण लावून, दोरा गुंडाळून काढली तेव्हा बोटावर खोल वळ उमटला होता. फोन कानाला धरला की अंगठ्याला आणि पहिल्या दोन बोटांना मुंग्या यायच्या. मनगटातून जाणाऱ्या नसेवर सुजेचा दाब पडतो, त्याला कार्पल टनेल म्हणतात. डोस खाली आणला, मुंग्या गेल्या. त्या काळात माझं 'लीन मास' कागदावर छान दिसलं असतं यात शंका नाही.

आता भाचा. वय पंचविशीच्या आतलं, तब्येत घोड्यासारखी, जिमचा नाद. त्याने मला एका बाटलीचा फोटो पाठवला आणि लगेच फोन केला.

"मावशी, तू घेतेस तेच ना हे?"

"नावाने तेच दिसतंय. तुला कशाला हवंय?"

"अगं, पोटाची शेवटची चरबी जात नाहीये. सगळे म्हणतात याने जाते."

"जाते की. तुझ्याकडे आधीच आहे हे हॉर्मोन, पाहिजे तेवढं. वरून आणखी ओतलंस तर काय होतं ते ऐकणार आहेस का?"

ऐकणार होता, म्हणून मी त्याला जे सांगितलं तेच इथे लिहिते.

ग्रोथ हॉर्मोन म्हणजे तरुण करणारं औषध, हा सगळा गाजावाजा १९९० सालच्या एका छोट्या अभ्यासातून सुरू झाला. डॅनियल रुडमन नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी ६१ ते ८१ वयाच्या २१ पुरुषांना अभ्यासात घेतलं. त्यांतल्या १२ जणांना सहा महिने ग्रोथ हॉर्मोन दिलं, बाकीच्यांना काहीच दिलं नाही. औषध घेतलेल्यांची चरबी १४.४ टक्क्यांनी घटली, लीन मास ८.८ टक्क्यांनी वाढलं. लेख न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला आणि बाजाराला सोन्याची खाण सापडली. त्या लोकांची ताकद वाढली का, हे त्यात मोजलंच नव्हतं. १९९६ साली दुसऱ्या गटाने ते मोजलं. सत्तरीच्या आसपासचे आणि पुढचे ५२ निरोगी पुरुष, पुन्हा सहा महिने. चरबी १३.१ टक्क्यांनी कमी, लीन मास ४.३ टक्क्यांनी जास्त आणि ताकदीत फरक काहीही नाही. हा दुसरा अभ्यास जाहिरातींत कधी दिसला नाही. का, ते उघड आहे.

२००७ साली निरोगी ज्येष्ठांवरचे असे अभ्यास एकत्र करून तपासले गेले. हॉर्मोन घेतलेली माणसं एकूण २२०. चरबी सरासरी दोन किलोंच्या आसपास कमी, लीन मास तेवढंच जास्त, वजन जवळपास तेच. सूज, सांधेदुखी, कार्पल टनेल आणि पुरुषांमध्ये स्तन वाढणं हे सगळं जास्त आढळलं. साखर बिघडण्याकडेही कल दिसला. दोन किलो चरबीसाठी रोज सुई आणि वर हा प्रसाद.

"ते म्हातारे होते गं," भाचा म्हणाला. बरं, तरुणांचं घेऊ. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी हौशी खेळाडूंना आठ आठवडे ग्रोथ हॉर्मोन दिलं आणि निकाल २०१० साली छापला. चरबी थोडी घटली, लीन मास वाढलं, पण त्या वाढीत पेशींबाहेरच्या पाण्याचा मोठा वाटा निघाला. सायकलवरच्या छोट्या, जोरदार झपाट्यात किंचित सुधारणा दिसली. वजन उचलण्याची ताकद आणि दमसास मात्र होते तिथेच. खेळात तर त्यावर आधीपासूनच बंदी आहे. ऑलिंपिक समितीने ती १९८९ मध्ये घातली आणि तपासणी २००४ च्या अथेन्समध्ये पहिल्यांदा वापरली.

जिममधले काही महाभाग यावर आणखी एक तोड काढतात: हॉर्मोनने साखर वाढते ना, मग सोबत इन्शुलिन टोचायचं. हे ऐकल्यावर मी त्याला त्या खुर्चीतला माझा अनुभव तपशीलवार सांगितला. माझ्याशेजारी ग्लुकोजची सिरिंज घेऊन नर्स उभी होती. खोलीत एकटा असलेल्या मुलाशेजारी कोण असतं? तो गप्प झाला.

जाड माणसांच्या बाबतीत एक खरं निरीक्षण फार चलाखीने वापरलं जातं. लठ्ठपणात ग्रोथ हॉर्मोन कमी स्रवतं, हे खरंच आहे. मग विक्रेता म्हणतो, बघा, हॉर्मोन कमी म्हणून तुम्ही जाड! प्रत्यक्षात गाडी बहुतेक उलट्या दिशेने चालते. पोटाची चरबी वाढली, रक्तात फॅटी ॲसिड्स आणि इन्शुलिन जास्त झालं की पिट्युटरी हात आखडता घेते. वजन उतरलं की हॉर्मोन आपोआप पूर्ववत होतं. म्हणूनच आमच्यासारख्यांची तपासणी करताना डॉक्टर वजनही विचारात घेतात, नाहीतर निरोगी जाड माणसालाही कमतरतेचा शिक्का बसेल. लठ्ठ माणसांना हे औषध देऊनही पाहिलं गेलंय. पोटातली चरबी थोडी उतरते, वजन नाही.

गोळ्या, तोंडात मारायचे फवारे वगैरेंबद्दल एकच वाक्य पुरे: ग्रोथ हॉर्मोन हे १९१ अमिनो आम्लांचं प्रथिन आहे, पोटात गेलं की पचतं. याच प्रथिनाचं फक्त चरबीवर काम करणारं टोक वेगळं काढून त्याचं औषध करायचा प्रयत्नही झाला, एओडी-९६०४ नावाने. कल्पना मला अजूनही आवडते. पण मोठ्या चाचणीत वजन पुरेसं उतरलं नाही आणि २००७ साली कंपनीने काम गुंडाळलं. तरीही त्याच्या बाटल्या विकल्या जातात.

या सगळ्यात एका ठिकाणी मात्र चरबीसाठीचा वापर रीतसर मान्य झालाय. एचआयव्हीच्या काही रुग्णांच्या पोटात आत चरबी साठते. त्यांच्यासाठी अमेरिकेत २०१० साली टेसामोरेलिन मंजूर झालं. हे ग्रोथ हॉर्मोन नाही. पिट्युटरीला ते सोडायला लावणारं औषध आहे. सहा महिन्यांत पोटाच्या आतली चरबी साधारण १५ टक्क्यांनी घटते. वजन पुन्हा जवळपास तेच, आणि औषध थांबवलं की चरबी परत येते. त्याच्या माहितीपत्रकातही हे वजन कमी करण्याचं औषध नाही असंच लिहिलेलं असतं.

मला स्वतःला सगळ्यात जास्त शिकवलं ते दोन टोकांच्या आजारांनी. ॲक्रोमेगालीत पिट्युटरीची गाठ वर्षानुवर्षं जादा ग्रोथ हॉर्मोन ओतत असते. या लोकांच्या अंगात चरबी कमी असते. जिमच्या भाषेत 'लीन'. पण हातपाय, जबडा वाढतात, हृदय मोठं होतं, मधुमेह मागे लागतो. उपचार झाला की साखर सुधारते आणि चरबी वाढते! उलट टोकाला लॅरॉन सिंड्रोम: हॉर्मोन असतं, पण ते ओळखणारा रिसेप्टरच बिघडलेला असतो. माणसं बुटकी आणि गुबगुबीत. तरी इक्वेडोरमधल्या अशा लोकांचा अनेक वर्षं अभ्यास केला तेव्हा त्यांच्यात मधुमेह सापडला नाही. भाच्याला हे सांगितल्यावर त्याने पहिल्यांदा मुद्द्याचा प्रश्न विचारला: "म्हणजे चरबी कमी म्हणजे तब्येत चांगली, असं नाहीच?"

"कशाने कमी झाली त्यावर आहे," मी म्हटलं. मग त्याला झोपेबद्दल विचारलं. रात्री दोनपर्यंत फोन बघतो म्हणे. गाढ झोपेतली ती मोठी उसळी वाया घालवून बाटलीतली विकत घ्यायला निघालाय! त्याने विषय बदलला. बाटलीचं काय केलंस, हे मी अजून विचारलेलं नाही, पण उपाशीपोटीची साखर आणि एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी तपासणी) तपासून घ्यायला त्याला लावलंय. रिपोर्ट मला पाठवणार आहे.

तुमच्यापैकी कुणाची पिट्युटरीची शस्त्रक्रिया झाली असेल, डोक्याला रेडिएशन मिळालं असेल किंवा डोक्याला जबर मार बसला असेल, आणि पोट सुटणं, थकवा असं काही चालू असेल, तर एंडोक्रिनॉलॉजिस्टकडे, म्हणजे हॉर्मोनच्या डॉक्टरांकडे, हा विषय स्वतःहून काढा. बायकांनी आणखी एक सांगावं: इस्ट्रोजेनची गोळी चालू असेल तर तेही. पोटातून घेतलेल्या इस्ट्रोजेनमुळे यकृत आयजीएफ-१ कमी बनवतं आणि ग्रोथ हॉर्मोनचा डोस जास्त लागतो. गोळीऐवजी कातडीवर चिकटवायचा पॅच लावला की डोस पुन्हा खाली येऊ शकतो.

आता आठवड्यातून एकदाच घ्यायचं ग्रोथ हॉर्मोनही निघालंय. अमेरिकेत २०२० मध्ये प्रौढांसाठी पहिलं मंजूर झालं. डॉक्टरांनी मागच्या वेळी विचारलं, बदलूया का? सुया कमी होतील हे खरं, पण आयजीएफ-१ आठवड्यात वरखाली होतं, त्यामुळे रक्त कोणत्या दिवशी द्यायचं हे पाळावं लागतं. मी म्हटलं, सध्या रोजचंच राहू द्या. बोटं फुगली तर मला त्याच रात्री टोपी दोन कटकट मागे फिरवता येते, आणि तेवढी परवानगी त्यांनी मला दिलेली आहे.